सत्तावीस नंबरची पेटी

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात कुडाळच्या कारखान्यातल्या लांब टेबलावर एकसष्ट पेट्या ओळीने मांडल्या गेल्या आणि चित्रा खवणेकरने त्या एकामागून एक चालू केल्या. शेवटची पेटी उजळली तशी ती दोन पावलं मागे सरकली. दोन वर्षांपूर्वी याच टेबलावरून एकसष्ट पडदे बाहेर पडले होते, एकासारखा एक. परत आले ते एकसष्ट वेगळे.

पेटीचं नाव ‘वाटाड्या’. मालवणपासून देवगडपर्यंतच्या ट्रॉलरांवर सुकाणूच्या चाकाशेजारी ती बसवलेली असायची. पाण्याची खोली, तळाचे खडक, माशांचे थवे, वारा, इंजिनाची उष्णता, परतीची वाट, हे सगळं ती सात इंची पडद्यावर तांडेलाला, म्हणजे नाव हाकणाऱ्या म्होरक्याला दाखवायची. पावसाळ्यातले दोन महिने मासेमारी बंद. नावा किनाऱ्यावर ओढल्या जात आणि पेट्या तपासणीसाठी कारखान्यात येत. या वर्षी पहिल्यांदाच सगळ्या एकदम आल्या होत्या.

चित्राचं काम पडद्याचं. अकरा माणसांच्या त्या कंपनीत बाकीचे तारा, बॅटऱ्या आणि कवचं बघत. पडद्यावर काय, कुठे आणि केवढं दिसावं ते ती ठरवायची. खिशातल्या फोनमध्ये स्मृती कोठारासारखी असते, हवं तेवढं भरा. इथली चिप करंगळीच्या नखाएवढी, बेताच्या विजेवर जगणारी. पडद्यावरचं एक पूर्ण चित्र तिच्या स्मृतीत जेमतेम मावायचं. म्हणून खोलीचा आकडा अठराचा एकोणीस झाला, की चित्राची आज्ञावली फक्त तेवढाच चौकोन पुसायची आणि पुन्हा काढायची, बाकी पडद्याला हात लावायची नाही. जोडाक्षरं जुळवणं त्या चिपला झेपत नव्हतं, तेव्हा चित्राने प्रत्येक जोडाक्षर छापखान्यातल्या खिळ्यासारखं आधीच घडवून आत ठेवलं होतं. खाऱ्या पाण्याने ओल्या बोटांना काचेवरचा स्पर्श भलताच लागतो, म्हणून कडेला जाड रबराची बटणं होती.

पण वाटाड्याची खरी करामत पडद्याच्या खालच्या कडेला बसवलेल्या तुरीच्या डाळीएवढ्या एका भिंगात होती. ते भिंग तांडेलाच्या बुबुळांकडे बघायचं. चित्र साठवायचं नाही; नजर कुठे गेली आणि हवी ती गोष्ट सापडायला किती वेळ लागला, एवढंच टिपून घ्यायचं. ज्या गोष्टीला वेळ लागतो तिला पेटी हळूहळू हलवायची, मोठी करायची, रंग बदलायची. रोज कणभर. माणसाला बदल जाणवू नये इतका कमी. जुनी चप्पल पायाच्या आकाराची होते, तसा पडदा माणसाच्या डोळ्यांच्या आकाराचा होत जायचा.

आता ते टेबलावर दिसत होतं. एका तांडेलाने खोलीचा आकडा तळहाताएवढा करून घेतला होता. देवगडच्या एका पडद्यावर नुसते मासेच मासे, परतीची वाट कोपऱ्यात मुंगीएवढी. एका पेटीवरची सगळी अक्षरं गायब होऊन चित्रं उरली होती. तिच्या मालकाला वाचता येत नसावं, आणि ते त्याने कुणाला सांगितलंही नसावं. पेटीने आपलं आपण ओळखलं होतं. चित्रा हरखून एकेका पडद्यापाशी थांबत होती. कुठल्या माणसाने आपल्या कामाचं काय करून घेतलंय, हे असं उघड्यावर बघायला मिळणं तिला मोठं नवलाचं वाटत होतं.

सत्तावीस नंबरच्या पेटीपाशी ती जरा जास्तच वेळ थांबली.

तिच्या पडद्याचा डावा तिसरा हिस्सा पूर्ण काळा होता. खोली, वारा, वाट, मासे, सगळं उजवीकडे एकमेकांना खेटून बसलेलं, भरल्या एसटीत माणसं बसतात तसं.

तिला आधी वाटलं, पडदा बिघडलाय. तिने तो पांढराशुभ्र करून पाहिला. डावीकडचा एकूण एक ठिपका उजळला. भिंग तिरकं बसलं असेल म्हणून मोजलं. ते सरळ होतं. मग तिने पेटी उलटी केली. पाठीवर तेलरंगाने लिहिलं होतं: ‘रवळनाथ, सर्जेकोट’.

ती तिच्या मामाची नाव होती.

*

“केबिनच्या खांबाची आड येत असेल,” कंपनीचे मालक अनिरुद्ध सामंत म्हणाले. “किंवा डावीकडून ऊन.”

“मलाही आधी तसंच वाटलं. पण मी आतली नोंद बघितली, सर.” चित्राने कागद पुढे केला. “पहिल्या महिन्यात डावीकडची गोष्ट सापडायला अर्धा सेकंद लागत होता. सहा महिन्यांनी पाऊण. वर्षाने सव्वा. उजवीकडे मात्र दोन्ही वर्षं तेवढाच वेळ. गेल्या नोव्हेंबरनंतर पेटीने डावीकडे काही ठेवणंच सोडून दिलं. खांबाची आड असती तर पहिल्या दिवसापासून असती.”

सामंतांनी कागद वाचला आणि पालथा ठेवला. “ती नोंद आपण पडदा सुधारायला ठेवली होती, चित्रा. माणूस तपासायला नाही. पेटीच्या पाठीवर आपण काय छापलंय?”

“तुमची गोष्ट तुमच्यापाशीच राहील.”

“मग?”

“मग तीच गोष्ट मी त्यालाच सांगायला चाललेय.”

“ग्राहकाला, की मामाला?”

चित्राने पालथा कागद उचलला. सामंत उठले, खिडकीबाहेरच्या पावसाकडे बघत राहिले. “जा,” ते शेवटी म्हणाले. “पण आधी नाव बघून ये. खांब निघाला तर मला फार बरं वाटेल.”

*

खांब नव्हता. ‘रवळनाथ’ सर्जेकोटच्या वाळूवर निळं प्लास्टिक पांघरून उभी होती. चित्रा शिडीने वर चढली, केबिनमध्ये मामाच्या स्टुलावर बसली, चाक धरलं. पेटीच्या जागेवरून दोन्ही बाजू लख्ख मोकळ्या होत्या. सकाळी ऊन यायचं तर तेही उजवीकडून, कारण नाव बहुतेक उत्तरेला जायची. ती खाली उतरली आणि थेट मामाच्या घराकडे निघाली.

मुकुंद मेतर, तिचा मामा, एकोणसाठ वर्षांचा. सदतीस वर्षं तांडेल. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला मांडीवर बसवून चाक धरायला देणारा. पेटीची कल्पनाही पहिल्यांदा त्यालाच दाखवली होती, आणि “आकडो मोठो कर गो, माका चष्मो लावूक लावू नको,” ही पहिली सूचनाही त्याचीच.

तो पडवीत जाळं विणत बसला होता. “इलंस? आणि पेटी खय माझी?”

“ती कारखान्यात आहे. दुसरी आणलीय, बघून सांग जरा.” पुण्याच्या शिक्षणात चित्राची मालवणी पुसट झाली होती; मामा तिला त्यावरून चिडवायचा, पण आज त्याने चिडवलं नाही. त्याला नवी वस्तू हातात घ्यायची घाई होती.

नव्या पेटीवर जुना, मूळचा पडदा होता. चित्राने विचारलं, वारा कुठे दाखवलाय? मामाने मान थोडी डावीकडे वळवली, शोधलं, सांगितलं. परतीची वाट? पुन्हा मान वळली. त्याला स्वतःला ते कळतही नव्हतं.

“आता एक खेळ,” ती म्हणाली. आदल्या दिवशी बसून तिने एक छोटी आज्ञावली लिहिली होती. पडद्याच्या मध्ये एक फुली. नजर तिच्यावरून हलवायची नाही. आजूबाजूला कुठेतरी ठिपका उजळेल. दिसला की बटण दाबायचं.

मामा सरसावून बसला. चाळीस ठिपके झाले. त्याने सव्वीस वेळा बटण दाबलं.

“आता उजवा डोळा हाताने झाक.”

त्याने झाकला. ठिपके उजळू लागले. एक. दोन. पाच. मामा फुलीकडे बघत शांत बसून होता, अंगठा बटणावर तयार. इंदूमामी चहाचे कप घेऊन त्याच्या मागे येऊन उभी राहिली. दहा. बारा.

“दाखव मगे,” मामा म्हणाला.

“दाखवतेय, मामा.”

“खय दाखवतंस? काय्येक नाय.”

पंधरावा ठिपका डावीकडे वर उजळला, पिवळाजर्द. मामीने तो पाहिला. सोळावा पाहिला. कप तिने तसेच खाली जमिनीवर ठेवले आणि मामाच्या खांद्यावर हात ठेवला. मामाने वळून तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग चित्राच्या. त्याचा उजव्या डोळ्यावरचा हात हळूहळू खाली आला.

*

तो रागावला नाही, हेच चित्राला जड गेलं. त्याने चहा प्यायला, जाळ्याची दोरी गुंडाळून ठेवली आणि व्यवहाराचं बोलावं तसं बोलू लागला.

“म्हणजे तुझ्या पेटयेक आधीच कळला होता.”

“हो.”

“आणि तिना सगळा उजव्या अंगाक आणून दिला.”

“हो.”

“मगे बरा झाला की. दोन वर्सां मी खडकार चढवलंय? माझा जाळा फाडलंय? माझी पेटी माका परत दी. एक ऑगस्टाक नाव पाण्यात जातली.”

“मामा, पेटी पडद्यावरच्या गोष्टी उजवीकडे आणू शकते. समुद्रातल्या नाही आणू शकत.”

“समुद्र माका पाठ आसा.”

“खडक पाठ असतील. माणसं पाठ आहेत? उद्या कुणाची होडी डावीकडून आली तर?”

“सदतीस वर्सां!” आता आवाज चढला. “सदतीस वर्सां ह्या चाकार बसलंय मी, आणि तू एका डब्यावरचे ठिपके बघून माका उठवतंस? सात घरां माझ्या नावेर जेवतत. तुका म्हायत आसा?”

“ती सात माणसां त्याच नावेर आसतत,” मामी दारातून म्हणाली. “त्यातल्या पास्कूची बायल गरोदर आसा. तिका काय सांगतलास?”

मामाने बाहेर बघितलं. पाऊस पन्हाळीतून धो धो पडत होता. तो म्हणाला, “डॉक्टर काय सांगता ता बघू. पण गाडी तू चालव.”

*

कुडाळच्या डोळ्यांच्या डॉक्टर वालावलकरबाईंनी दोन तास तपासणी केली आणि मग कागदावर डोळ्याचं चित्र काढून बसल्या.

“काचबिंदू,” त्या म्हणाल्या. “डोळ्याच्या आत पाणी असतं, त्याचा दाब वाढतो. मागून मेंदूकडे जाणारी नस आहे, ती त्या दाबाने तंतू-तंतूने मरत जाते. दुखत नाही. लाल होत नाही. तुमच्या डाव्या डोळ्याची नजर बहुतेक गेलेली आहे. उजवा चांगला आहे, पण त्याचा नाकाकडचा भाग जायला लागलाय. म्हणून दोन्ही डोळे उघडे असले तरी डावीकडे पोकळी राहते.”

“माका काळा कायच दिसना नाय,” मामा म्हणाला.

“दिसणारच नाही. जिथे नजर नाही तिथे काळं दिसत नाही, काहीच दिसत नाही. आणि मेंदू त्या जागी शेजारचंच चित्र पसरून देतो. समुद्र असेल तर समुद्र. तुम्हाला वाटतं, बघितलं आपण.” मग त्यांनी विचारलं, “पण इतकं होईपर्यंत तुम्हाला काहीच अडलं नाही? माणसं धडपडतात, वाचताना शब्द सुटतात. तेव्हा तरी आमच्याकडे येतात.”

चित्राने पेटीबद्दल सांगितलं. बाईंनी तो नोंदीचा कागद मागून घेतला, महिन्यामागून महिन्याचे आकडे बोटाने वाचत गेल्या. त्यांना त्यात गोडी वाटू लागल्याचं स्पष्ट दिसत होतं.

“म्हणजे दीड वर्षापूर्वी या पेटीने निदान केलं होतं,” त्या म्हणाल्या. “तेव्हा औषध सुरू झालं असतं तर डाव्यातलं बरंच वाचलं असतं.”

“तिने सांगितलं नाही,” चित्रा म्हणाली. “आम्ही तिला मदत करायला शिकवलं होतं. सांगायला शिकवलं नव्हतं.”

गेलेलं परत येणार नव्हतं. उरलेलं थेंबांनी आणि एका छोट्या शस्त्रक्रियेने टिकवता येणार होतं. नाव चालवायची नाही. मान डावीकडे वळवून बघायची सवय लावून घ्यायची, मुद्दाम, दर थोड्या वेळाने. मामाने सगळं ऐकलं, हात जोडले आणि बाहेर पडला. पायऱ्या उतरताना त्याने कठडा धरला. चित्राने त्याला कठडा धरताना कधी पाहिलं नव्हतं.

परतताना कट्टा गावाचा फाटा आला. मामा एकदम म्हणाला, “गाडी तळाशीलाक घे.”

“का?”

“बाबलाकडे.”

बाबल टिकम त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. होडीने जाळी टाकणारा, एकटा माणूस. पण मार्चपासून दोघांचं बोलणं बंद होतं, एवढंच चित्राला माहीत होतं. आता मामाने रस्त्याकडे बघत सांगितलं. मार्चमध्ये ‘रवळनाथ’ बाबलाच्या जाळ्यावरून गेली होती. नवं कोरं जाळं, उभं चिरलं. बाबल म्हणत होता, जाळ्याच्या खुणेला बावटा लावला होता, लाल. मामा म्हणत होता, बावटा नव्हता. बंदरावर पंधरा माणसांसमोर मामाने त्याला खोटारडा म्हटलं होतं.

“बावटो खय होतो म्हणी, इचारलंय तेका,” मामा म्हणाला. “तर म्हणता, तुझ्या डाव्या हाताक.”

*

बाबल दारातच होता. मुकुंद मेतर आपल्या अंगणात उभा आहे हे बघून त्याने हातातली कोयती खाली ठेवली, पण ‘ये’ म्हटलं नाही.

मामा पावसातच उभा राहिला. “बाबल्या, तुझो बावटो होतो.”

“ता माका म्हायत आसा.”

“माका दिसलो नाय. माझो डावो डोळो गेलो. आताच डॉक्टरीण बोलली. माका म्हायत नव्हता रे.”

बाबलाने आधी चित्राकडे पाहिलं, ही थट्टा तर नाही ना म्हणून. मग तो अंगणात उतरला, मामाच्या डाव्या बाजूला गेला आणि त्याच्या कानशिलापाशी दोन बोटं हलवली. मामा सरळ समोर बघत होता.

“दिसतत?”

“काय दिसतत?”

बाबलाचा चेहरा आक्रसला. “मेल्या,” तो म्हणाला, “मेल्या, असो कसो रे आंधळो झालस?” आणि त्याने मामाला दंडाला धरून ओढतच पडवीत नेलं. चित्रा गाडीत जाऊन बसली. काच धुक्याने भरली होती. पडवीत दोन म्हाताऱ्या आकृत्या एकमेकांशी भांडल्यासारखं मोठमोठ्याने बोलत होत्या. अर्ध्या तासाने मामा आला, डोळे पुसत. जाळ्याचं काय ठरलं ते तिने विचारलं नाही.

*

कारखान्यात वेगळंच भांडण उभं होतं.

“दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पेटीने स्वतःची सगळी जुळवाजुळव बाजूला ठेवायची,” चित्राने मांडलं. “पाच मिनिटं मूळचा पडदा दाखवायचा आणि मदत न करता माणसाची नजर मोजायची. एका बाजूला उशीर होत असेल तर त्या माणसाला सांगायचं. फक्त त्याला. आपल्यालाही नाही.”

“लोक वैतागतील,” सामंत म्हणाले. “चांगला बसलेला पडदा महिन्यातून एकदा मोडून टाकणारी पेटी कोण ठेवेल?”

“वैतागतील.”

“आणि पेटीने सांगितलं आणि त्याने ऐकलंच नाही, तर? तोच चाकावर बसला, आणि काही झालं? पेटीला माहीत होतं, असं उद्या कुणी म्हणेल.”

“म्हणेल,” चित्राने कबूल केलं. “पण आत्ताही पेटीला माहीत असतंच, सर. फरक एवढाच, की ज्याचे डोळे त्यालाच माहीत नसतं.”

सामंतांनी दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी येऊन त्यांनी एकच प्रश्न विचारला: पडद्यावर शब्द काय येणार?

तिथे चित्रा अडली. ‘दृष्टिदोषाची शक्यता’ लिहिलं तर माणूस घाबरून पेटीच काढून टाकेल. ‘कृपया नेत्रतपासणी करावी’ कुणी वाचणारच नाही. तिने आठ वाक्यं लिहिली आणि ती घेऊन मामाकडे गेली. मामाची शस्त्रक्रिया होऊन आठवडा झाला होता. त्याने आठही ऐकून घेतली.

“ह्या सरकारी कागदासारख्या आसा,” तो म्हणाला. “चाकार बसलेल्या माणसाक असा बोलतत? लिही. ‘तांडेला, डाव्या अंगाक तुका उशिरा दिसता. डॉक्टराक दाखव. मी कोणाक सांगलंय नाय.’”

चित्राने ते तसंच उतरवून घेतलं. ‘डॉक्टर’मधला ‘क्ट’ तिच्या अक्षरांच्या पेटाऱ्यात नव्हता. तो तिने त्या संध्याकाळी नव्याने घडवला.

*

बंदी उठायच्या आदल्या दिवशी सत्तावीस नंबरची पेटी ‘रवळनाथ’वर परत बसली. आता चाक पास्कूकडे जाणार होतं. पास्कू फर्नांडिस वीस वर्षं मामाच्या हाताखाली खलाशी होता आणि गेले चार दिवस त्याला नीट जेवण जात नव्हतं.

पेटीतली मामाची दोन वर्षांची सवय पुसायला हवी होती, नाहीतर पास्कूला पडदा वेडावाकडा दिसला असता. चित्राला ते कारखान्यातच करता आलं असतं, तरी तिने केलं नव्हतं. तिने मामाला दोन बटणं दाखवली. “ही दोन्ही एकदम, पाच सेकंद. तू कर.”

मामाने स्टुलावर बसून पडद्याकडे एकदा नीट पाहिलं. उजवीकडे दाटीवाटीने बसलेले आकडे, त्याच्यासाठी मोठी झालेली खोली. मग मान वळवून त्याने डावीकडचा काळा भागही पाहिला, कदाचित पहिल्यांदाच. “गुणाची होती,” तो म्हणाला आणि बटणं दाबली. पडदा एकदा विझला. उजळला तेव्हा सगळं पसरून, समान अंतरावर, कुणाचंच नसल्यासारखं मांडलेलं होतं. मामा स्टुलावरून उठला आणि पास्कूला म्हणाला, “बस.”

*

पहिल्या फेरीला चित्राही नावेवर गेली. नव्या आज्ञावलीची चाचणी हे निमित्त होतं. खरं तर तिला बघायचं होतं. पाऊस उघडला होता, पाणी गढूळ पण शांत. पास्कू चाकावर ताठ बसला होता. मामा केबिनच्या दाराशी एका बर्फाच्या खोक्यावर बसून होता आणि डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे थोड्या-थोड्या वेळाने मान पूर्ण डावीकडे नेत होता, मग परत. खलाशांना आधी हसू येत होतं, मग ते विसरले.

पेटी आता पास्कूची सवय शिकत होती. चित्राने जोडलेल्या छोट्या तपासणी-पडद्यावर त्याची नजर एका हिरव्या ठिपक्यासारखी फिरताना दिसत होती: खोली, मासे, खोली, वाट, मासे. किती पटापट सापडतंय त्याला सगळं! मांडणी चांगलीच जमलीय, असं तिच्या मनात आलं आणि ती खूश झाली.

“पास्कू,” मामा म्हणाला, “डाव्या अंगाक होडी.”

पास्कूने दचकून मान वर केली. दोनशे हातांवर एक छोटी फायबरची होडी होती, दोन माणसं वाकून जाळं ओढत होती. त्यांचं ट्रॉलरकडे लक्षच नव्हतं. वाटाड्या पाण्याखालचं बघायचा. पाण्यावरची एवढी होडी त्याच्या गावीही नसायची. पास्कूने चाक फिरवलं, नाव सावकाश वळली, होडी बाजूने निघून गेली. त्यातल्या एकाने हात केला.

“मी बघीतच होतंय,” पास्कू ओशाळून म्हणाला.

“खय?”

“पेटयेत.”

खलाशी हसले, मामाही हसला. चित्राला हसू आलं नाही. तिने शेवटच्या दहा मिनिटांची नोंद उघडली. हिरवा ठिपका त्यातली नऊ मिनिटं वीस सेकंद पडद्यावर होता. दोन्ही डोळे शाबूत असलेला माणूस. दोन वर्षं ती एकच गोष्ट मोजत आली होती, हवं ते किती लवकर सापडतं. सापडल्यावर नजर किती वेळाने परत समुद्राकडे जाते, हे तिने कधी मोजलंच नव्हतं. मोजायचं सुचलंही नव्हतं.

तिने हात लांब करून पेटीचं बटण दाबलं. पडदा विझला.

“बंद पडली?” पास्कू घाबरला.

“नाही. मी केली. पाणी खोल आहे ना इथे?”

“खोल आसा,” मामाने परस्पर सांगितलं. “अर्धो तास खडक नाय.”

“मग दहा मिनिटं अशीच राहू दे.”

पास्कूने पाठ सरळ केली आणि समोर बघायला लागला. चित्राने वही गुडघ्यावर घेतली, घड्याळ बघितलं आणि त्याच्या डोळ्यांकडे लक्ष ठेवून बसली. चौथ्या सेकंदाला त्याने काळ्या पडद्याकडे पाहिलं. मग अकराव्या. मग तेविसाव्या. मग बराच वेळ नाही.